पिन सैल, गाणे बंद

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या पोरांच्या पार्टीचा कार्यक्रम होता. गाणे रंगात आले आणि मधेच गिटारचा आवाज बंद पडला. गिटार वाजवणारा आमचा भाचा. बिचारा खाली वाकून वायरी चाचपत राहिला आणि ढोलकीवाल्याने कशीबशी वेळ मारून नेली. कार्यक्रमानंतर ठरलेल्या बिदागीतून पैसे कापले गेले, ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी आमची ताई घरी आली. म्हणाली, "दादा, याचं ते पायाखालचं पेडल गेलंय. भिशीचे पैसे येणार आहेत, त्यातून नवं घेऊन देते." आम्ही म्हणालो, "ताई, थांब. आधी रोग बघू, मग औषध."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारचा आवाज बदलण्यासाठी पायाने दाबायच्या लहान पेट्या असतात, त्यांना पेडल म्हणतात. चार-सहा पेडल एका फळीवर बसवली की झाला पेडलबोर्ड. प्रत्येक पेडलला वीज लागते आणि ती एका लहानशा गोल पिनेतून जाते. आम्ही भाच्याला सगळी पेडल मांडायला लावली. पेडल धडधाकट निघाले. रोग पिनेत होता.

ही पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटर जाडीची असते. आतले भोक मात्र दोन मापांत येते, 2.1 आणि 2.5 मिलिमीटर. बहुतेक पेडलना 2.1 लागते. भाच्याने बाजारातून स्वस्तातला अडॅप्टर आणला होता, त्याची पिन 2.5 ची. ती आत जाते, दिवाही लागतो, म्हणून सगळे ठीक वाटते. पण ती सैल बसते. वायरीला जरा पाय लागला की संपर्क तुटतो. तेव्हा घेताना माप विचारा. शक्य तर पेडल सोबत न्या, पिन लावा आणि हलवून बघा. डुगडुगली तर घेऊ नका.

पण पिन घट्ट बसली म्हणजे वीज जुळली असेही नाही. आम्ही कारकून माणसे, जमेची रक्कम नावे टाकली की ताळेबंद कोसळतो हे जाणतो. इथेही तसेच आहे. बहुतेक पेडलमध्ये पिनेच्या मधोमध ऋण आणि बाहेर धन असते. घरातल्या वाय-फायच्या डब्याचा अडॅप्टर बहुधा याच्या उलट असतो आणि पुष्कळदा 12 व्होल्टचा. पिन मात्र तीच बसते! घाईत तो लावला तर पेडल जळू शकते. पेडलवर आणि अडॅप्टरवर एक लहान चित्र छापलेले असते. मधल्या ठिपक्याला कोणती खूण जोडली आहे ते दोन्हीकडे जुळवून पाहा. बहुतेक पेडल 9 व्होल्ट डीसीवर चालतात. काहींना 12, 18 किंवा एसी वीज लागते. पेडलवर जे लिहिले असेल तेच द्यावे.

आता मिलीअँपिअरचा हिशोब. समजा तीन लहान पेडलना प्रत्येकी 20 आणि एका डिजिटल पेडलला 150 लागतात, तर बेरीज झाली 210. तिथे 500 मिलीअँपिअरचा अडॅप्टर खुशाल लावा. मिलीअँपिअर जास्त असले तर चालते, कारण पेडल आपल्याला हवे तेवढेच घेते. व्होल्ट मात्र जास्त चालत नाहीत.

एका अडॅप्टरवरून अनेक पिना काढणारी माळ मिळते, ती स्वस्त पडते. पण डिजिटल पेडल त्याच माळेत असले की कधीकधी गुणगुण ऐकू येते. अशा वेळी प्रत्येक पेडलला स्वतंत्र, अलग वीज देणारा पॉवर सप्लाय घ्यावा. माळेतली एखादी पिन रिकामी राहिली तर तिच्यावर टोपी किंवा इन्सुलेशन टेप लावा. तिचा बाहेरचा भाग धन असतो. तो पेडलच्या पत्र्याला टेकला तर शॉर्ट होतो आणि सगळी पेडल एकदम बंद पडतात.

आटे असलेल्या, फिरवून कुलूप लागणाऱ्या पिनाही मिळतात. पण पेडलच्या तोंडालाही तसेच आटे हवेत, आणि बहुतेक पेडलना ते नसतात. म्हणून काटकोनी पिन घ्यावी, वायरीला जरा ढील ठेवावी आणि पिनेजवळच प्लॅस्टिकच्या टायने ती फळीला बांधून टाकावी. मग वायर ओढली गेली तरी ताण टायवर येतो, पिनेवर नाही. जड अडॅप्टर बोर्डात लटकत ठेवू नका. वजनाने तो हळूहळू बाहेर येतो. एक्स्टेंशन बोर्डच फळीला घट्ट बांधा.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. अडॅप्टरच्या मागे 230 व्होल्ट आहेत. मांडवात उघड्या तारा काडेपेटीच्या काड्या खुपसून बसवलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. हे जिवावरचे काम आहे. आयएसआय खुणेचा तीन पिनांचा प्लग वापरा. गुणगुण जाते म्हणून अर्थिंगची पिन कधीही तोडू नका. गिटारच्या तारा बहुधा अँप्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. अर्थिंग बिघडलेले असेल तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो. मांडवातले अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या आणि मगच वाजवायला बसा.

आमच्या भाच्याने योग्य मापाच्या काटकोनी पिनेचा अडॅप्टर आणि टायचे एक पाकीट आणले. नव्या पेडलच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नव्हता. परवाच्या हळदीच्या कार्यक्रमात तो तीन तास वाजवत होता, आवाज एकदाही गेला नाही. ताईची भिशी वाचली. ते पैसे आता धाकटीच्या कॉलेजच्या फीला जातील.