सहा वर्षांखालच्या मुलाचे काय?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. त्याखालचे बालक २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनुसार कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्या बळावर कोर्टात दाद मागता येत नाही. मग पालकांनी हातावर हात धरून बसायचे काय? १९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी परिसरातल्या साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. घरीही चिंचोके मोजता येतात, कडधान्ये निवडून वेगळी करता येतात, मातीत अक्षर गिरवता येते. त्याला महागडी नर्सरी लागत नाही. पण आईबाप दोघेही मजुरीला जातात, त्या घरी हे कोण करणार? म्हणून आम्ही म्हणतो, घरी शिकवाच. पण अंगणवाडीतले शिक्षण हक्क म्हणून मागा. उपकार नको, कायदा हवा!