बाळंतिणीचे ताट

मागच्या दिवाळीत माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, संतपूरला आली. सातवा महिना होता. आजीने पहिल्याच दिवशी बजावले, "भाकर अर्धीच खा. पोटात लेकरू मोठं झालं की सुटका अवघड होते." पुढे बाळंतपण झाले आणि त्याच आजीने डिंकाचे लाडू, शिरा आणि तूप-भाताचा सपाटा लावला. पालेभाजी बंद, पाणी बेताचे, खोलीबाहेर पाऊल नाही. उन्हाळ्यात अक्का सासरी निघाली, तेव्हा बसस्थानकापर्यंत चालतानाही तिला धाप लागत होती. वजन वाढलेले, आणि रक्त मात्र कमीच!

आजीची माया खोटी नव्हती. परंतु खायला हवे तेव्हा ताट अर्धे आणि हिंडाफिरायला हवे तेव्हा दार बंद, असा हा उलटा हिशेब झाला. मराठीत बाळंतीण म्हणा, कन्नडमध्ये बाणंती म्हणा, आपल्या सीमाभागात दोघींची खोली सारखीच अंधारी असते.

शास्त्र काय सांगते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदर स्त्रीला रोज ३५० कॅलरी जादा लागतात. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर तुरीचे वरण आणि थोडे शेंगदाणे. 'दोन जिवांचे खा' याचा अर्थ दुप्पट खा असा नव्हे, आणि अर्धे खा असा तर मुळीच नव्हे. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० कॅलरी जादा हव्यात. पण त्या नुसत्या तुपागुळातून याव्यात काय? डाळी, अंबाडी, मेथी, दूध, अंडी यांना ताटात जागा नको काय?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि २४ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा जाड आढळल्या. अशक्तपणा आणि स्थूलता एकाच गल्लीत, कधी कधी एकाच देहात नांदतात.

२ ऑक्टोबर २०१७ रोजी कर्नाटक शासनाने राज्यभर 'मातृपूर्ण' योजना सुरू केली. गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत गरम जेवण, अंडे, दूध व चिक्की देण्याची ही योजना. कल्पना उत्तम! पण तिथे जाऊन जेवायचे, आणि बाळंतिणीने तर उंबरठा ओलांडायचा नाही! शासनाने शिजविलेले ताट आपण रूढीच्या दाराबाहेर ठेवले, तर दोष कोणाचा?

विद्यार्थी मित्रहो, हा बायकांचा विषय म्हणून पान उलटू नका. घरात पहिल्या पंगतीला आपण पुरुष बसतो आणि गरोदर सून शेवटी, उरलेल्यावर जेवते. हे आपण आजच बदलू शकतो. तपासणीच्या दिवशी तायी कार्डावर तिचे वजन नोंदले की नाही, हे पाहू शकतो. बाळंतपणानंतर डॉक्टरांना विचारून संध्याकाळी तिच्याबरोबर चार पावले चालू शकतो. तेवढा वेळ बाळाला आपण सांभाळले तर काय बिघडले? तिच्या सुटलेल्या अंगाची थट्टा करणे तर आधी सोडले पाहिजे.

पदवी घेऊन आपण घरी जाऊ. त्या घरातल्या ताटात फरक पडला नाही, तर त्या पदवीचा उपयोग काय?