आलापल्लीचा ‘आडजात’ पळस

वनखात्याच्या कागदांत साग हा साग असतो. बाकी बहुतेक सारे ‘आडजात’! आलापल्लीच्या जंगलाची कीर्ती सागामुळे झाली आणि त्याच सागाच्या हिशेबाने मिश्र जंगलाचे मोल ठरत गेले. १९७४ साली स्थापन झालेल्या राज्य वनविकास महामंडळाचे तर धोरणच असे की, मिश्र जंगल तोडावे आणि सागाच्या रांगा लावाव्यात. या तोडीत सर्वांत स्वस्त ठरला तो पळस.

पळस म्हणजे फाल्गुनातली शोभा, एवढीच शहरी माणसाची समजूत. श्रमजीवी आदिवासीला त्याच्या पानांची पत्रावळ, मुळांच्या वाखाचा दोर आणि फुलांचा रंग परिचयाचा आहे. परंतु त्याचे खरे धन लाखेत आहे. रंगीनी जातीचे किडे त्याच्या कोवळ्या फांद्यांतील रस शोषून लाख तयार करतात. फांद्या छाटाव्यात, धुमारे फुटले की बीजलाखेच्या जुड्या बांधाव्यात, सुमारे तीन आठवड्यांनी रिकाम्या काड्या उतरवाव्यात. पावसाच्या आरंभी बांधलेली कतकी लाख दिवाळीच्या सुमारास हाती येते, तर दिवाळीच्या सुमारास बांधलेली बैसाखी पुढच्या जून-जुलैत. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली निघालेल्या लाख संशोधन संस्थेने या लागवडीचे शास्त्र बसविले आहे. नांगर नको, विहीर नको. झाड उभेच राहते!

अडचण आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. विदर्भाच्या उन्हात बैसाखीचे किडे होरपळून मरतात आणि पुढच्या हंगामाला बीजलाख उरत नाही. ती वेळेवर पुरविणे हे शासनाचे काम. सागाची रोपे पुरविणाऱ्या यंत्रणेला हे अशक्य कसे?

सागाच्या तोडीत आदिवासी रोजंदार असतो, लाखेच्या पिकात तो मालक असतो. २००६ च्या वनाधिकार कायद्याने लाखेसह गौण वनोपजावर त्याची मालकी मान्य केली. २०१३-१४ पासूनच्या आधारभूत किमतीच्या योजनेत लाख समाविष्ट झाली. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून बांबूच्या बाबतीत मार्ग दाखविला. तेव्हा मागणी स्पष्ट असावी: ग्रामसभेसमोर पळसाची मोजदाद झाल्यावाचून तोडीचा कोणताही आराखडा मंजूर होता कामा नये.

ही मोजदाद खात्यावर सोडू नये. आलापल्ली, अहेरी, भामरागडच्या साथींनी येत्या फाल्गुनातच गावकऱ्यांसह जंगलात जावे; त्या दिवसांत पळस दुरूनही मोजता येतो.