बातमीच्या शेवटच्या ओळीतली मुलं

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पानावर अधूनमधून एक बातमी असते. पोलिसांनी चाळीत छापा टाकला, कागदपत्रं नसलेले परदेशी नागरिक सापडले, गुन्हा दाखल झाला. आपण ती लोकलमध्ये उभ्या-उभ्या वाचतो आणि पुढे जातो. कधीकधी तिच्या शेवटी एक ओळ असते : त्यांच्यासोबत लहान मुलंही होती. त्या मुलांचं पुढे काय झालं, हे मात्र दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शोधूनही सापडत नाही.

आई-बाप कोठडीत गेले की ते मूल एकटं पडतं. काही मुलं तर सुरुवातीपासूनच एकटी असतात. युद्धातून, दंगलीतून, छळातून पळताना घरच्यांपासून ताटातूट होते, किंवा घरचेच त्यांना कुणा ओळखीच्या माणसाच्या हाती सोपवून पुढे पाठवतात. हातात पासपोर्ट नाही, भाषा येत नाही, वय सिद्ध करायला कागद नाही. असं मूल उद्या कल्याण जंक्शनवर उतरलं, तर कायद्याच्या नजरेत ते कोण? घुसखोर, की मूल?

हा प्रश्न आपल्या या पट्ट्यातल्या पोरांनी विचारायलाच हवा. कारण आपलं शेजारचं शहरच मुळात निर्वासितांनी वसवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसं राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी कल्याण कॅम्पचं नाव उल्हासनगर केलं. आजही आपण ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ म्हणतो, पण ‘कॅम्प’ म्हणजे काय, हे आपल्या डोक्यातही येत नाही. तुमच्या वर्गातल्या सिंधी मैत्रिणीचे पणजोबा त्या बराकीत आले तेव्हा बहुधा शाळकरी पोर असतील.

त्या पोरांसाठी कायद्याने जागा केली होती. राज्यघटनेचं कलम ६ वाचा. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला आणि ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा अखंड भारतात जन्मले होते, तो इथे राहत असेल तर थेट भारताचा नागरिक. नंतर आलेल्यांसाठी नोंदणीची वाट ठेवली. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांनी या बराकींमधल्या माणसांचा विचार करून एक आख्खं कलम लिहिलं.

त्याच्याही आधीचं उदाहरण कोल्हापूरचं. सोव्हिएत युनियनमध्ये हद्दपार झालेले पोलिश नागरिक दुसऱ्या महायुद्धात तिथून बाहेर पडले. त्यांच्यातली अनाथ मुलं १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडीत आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आसरा दिला. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, बाजार होता. १९४८ मध्ये पोलिश माणसं गेली आणि त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले. ते आजचं गांधीनगर. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकापुढे नतमस्तक झाले, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली. फुगावीच. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. तसं मूल आज आलं तर?

आज आलं, तर त्याच्याकडे दोन कायदे दोन बाजूंनी बघतात.

पहिला परदेशी नागरिकांचा. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट आणि त्याच्यासोबतचे आणखी तीन जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ आला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. वैध पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात आलात, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘निर्वासित’ कोण, याची व्याख्या या कायद्यात नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावरही भारताची सही नाही. त्याच वेळी सरकारने सवलतीचा एक आदेश काढला : अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांवर कागद नसल्याबद्दल कारवाई होणार नाही. सिंधमधून अलीकडे आलेल्या कुटुंबांना याने दिलासा मिळाला, हे चांगलंच झालं. पण म्यानमारमधून पळालेलं रोहिंग्या मूल किंवा सुदानमधलं मूल या यादीत बसत नाही.

दुसरा कायदा म्हणजे २०१५ चा बाल न्याय कायदा. त्यात ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती. बास. नागरिकत्वाची अट नाही. सशस्त्र संघर्षाची किंवा दंगलीची झळ बसलेलं मूल हे ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अशा मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा दाखला, मग पालिकेचा जन्मदाखला आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याचं कलम २२ सांगतं की आश्रय मागणाऱ्या मुलाला, सोबत कुणी असो वा नसो, संरक्षण द्या. आई-बाप सापडत नसतील तर आपल्या देशातल्या निराधार मुलाला जे मिळतं, तेच त्यालाही द्या. राज्यघटनेच्या कलम २१ मध्येही शब्द ‘व्यक्ती’ आहे, ‘नागरिक’ नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात हेच सांगितलं होतं.

मग अडतं कुठे? दोन कायदे समोरासमोर आले की कुठला आधी लावायचा, हे प्रत्यक्षात त्या वेळी हजर असलेल्या अधिकाऱ्यावर सोडलं जातं. २०२१ मध्ये आसामच्या सिलचरमधल्या निवारागृहात चौदा वर्षांची एक रोहिंग्या मुलगी होती. आई-बाप बांगलादेशात, कॉक्स बझारच्या छावणीत. तरी १ एप्रिलच्या सुमारास तिला मणिपूरच्या मोरे सीमेवर नेलं, म्यानमारमध्ये परत पाठवायला. त्या देशात फेब्रुवारीतच लष्कराने सत्ता बळकावली होती आणि तिचं तिथे कुणीच नव्हतं. म्यानमारच्या अधिकाऱ्यांनीच तिला घ्यायला नकार दिला, म्हणून ती परत आली. तिचं हित कशात आहे, हे कुणीतरी आधी बसून लिहून काढलं असतं, तर तो प्रवास झालाच नसता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये एकट्या आलेल्या मुलांना हॉटेलांमध्ये ठेवलं, त्यातली कित्येक बेपत्ता झाली. शेवटी जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली.

आता एक आक्षेप येणारच : ‘म्हणजे काय, सगळ्यांना ठेवून घ्यायचं?’ प्रश्न गैर नाही. सीमा सांभाळणं हे सरकारचं कामच आहे. खोटं वय सांगणारे असतात, मुलांचा व्यापार करणाऱ्या टोळ्याही असतात. पण संरक्षण देणं म्हणजे नागरिकत्व देणं नव्हे. बाल न्याय कायदाच सांगतो की मुलाला शक्य तितक्या लवकर त्याच्या कुटुंबात परत पोचवा. फक्त ते कुटुंब कुठे आहे आणि तिथे मूल सुरक्षित राहील का, हे आधी तपासा. आणि टोळीच्या तावडीतून मूल सोडवायचं असेल, तर त्याला आरोपी करण्यापेक्षा बोलतं करणं जास्त उपयोगाचं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. नव्या कायद्याच्या नियमांत तीन गोष्टी स्पष्ट लिहा. अठरा वर्षांखालचं मूल सापडलं की आधी बालकल्याण समिती, बाकी सगळं नंतर. प्रत्येक एकट्या मुलाला एक पालक-प्रतिनिधी, एक वकील आणि त्याची भाषा बोलणारा दुभाषी. आणि मुलाच्या हिताचा लेखी निर्णय झाल्याशिवाय परत पाठवणी नाही. यासाठी नवं खातं नको, नवी इमारत नको. जिल्ह्याजिल्ह्यात समित्या आहेत, त्यांना माणसं द्या.

आणि आपण? कुटुंबापासून तुटलेलं मूल दिसलं तर २४ तासांत कळवणं हे बाल न्याय कायद्याने प्रत्येकावर घातलेलं बंधन आहे. तुमच्यावरही. १०९८ हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. प्लॅटफॉर्मवर असं मूल दिसलं तर फोन करा, कुणी येईपर्यंत जवळ थांबा. त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हाच आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. लॉ करणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारावं, अशा मुलांच्या केसेसमध्ये आम्ही काय मदत करू शकतो. बंगाली किंवा सिंधी येत असेल, तर दुभाषी म्हणून नाव द्यावं.

आणि पुढच्या वेळी ती बातमी आली की शेवटच्या ओळीवर थांबा. त्या मुलांचं काय झालं, असं पेपरला पत्र लिहून विचारा. आम्हालाही विचारा. उत्तर शोधणं हे आमचं काम आहे.