मागून येणारा छोटा शब्द

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या कापसाच्या बाजारपेठांतील पेढ्यांवर आज परगावच्या खरेदीदारांची आणि बँकांची पत्रे बहुधा इंग्रजीतून येतात. त्यांतील अवघड शब्द व्यापाऱ्याला फारसे फसवीत नाहीत. अवघड शब्द दिसला की माणूस शब्दकोश उघडतो. फसवितात ते सोपे शब्द. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘थ्रू’ म्हणजे आरपार, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु सौदा ‘फॉल थ्रू’ झाला, असे पत्रात असेल तर तो पार पडला नसून मोडला आहे. गाठींची उचल ‘पुट ऑफ’ केली म्हणजे पुढे ढकलली. ‘कॉल ऑफ’ केली म्हणजे रद्दच केली. ‘बॅक अप’ करणारा पाठीशी उभा राहतो, ‘बॅक आउट’ करणारा दिलेला शब्द फिरवतो. क्रियापदामागे लहानसा शब्द जोडून नवा अर्थ घडविणाऱ्या या जोड्यांना इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात.

ही रीत मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. ‘पैसे देऊन टाकले’ यात सुटकेचा निःश्वास आहे, ‘देऊन ठेवले’ यात पुढची तरतूद आहे आणि ‘देऊन बसला’ यात पश्चात्ताप आहे. देणे एकच, मागचे क्रियापद बदलताच व्यवहाराचा रंग पालटतो. संस्कृतात हेच काम धातूच्या आधी येणारे उपसर्ग करतात. एकाच ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार हे शब्द झाले. ‘क्रम’ या एकाच धातूला ‘अति’ लागला की मर्यादा ओलांडणारे अतिक्रमण होते, ‘प्रति’ लागला की स्वतःकडे परत वळणारे प्रतिक्रमण. जैन घरातील मुलाला हा भेद कोणी व्याकरणातून शिकविलेला नसतो. तो ऐकून ऐकून अंगवळणी पडलेला असतो.

हिशेबाच्या वहीतही या जोड्या जुन्याच आहेत. ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे मागील पानावरून आणलेली बाकी, ‘कॅरीड फॉरवर्ड’ म्हणजे पुढील पानावर नेलेली. कर्ज ‘पे डाउन’ केले तर ते कमी होते; ‘पे ऑफ’ केले तर पूर्ण फिटते.

सर्वांत महाग पडणारी जोडी मात्र ‘राइट ऑफ’ ही होय. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केल्याची बातमी ऐकून ऋणको आणि त्याहून अधिक त्याचा जामीनदार निश्चिंत होतो. 2008 साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या शेतकरी कर्जमाफीची आठवण वर्धा जिल्ह्यात ताजी असल्याने हा गैरसमज सहज होतो. माफीला इंग्रजीत ‘वेव्ह’ करणे म्हणतात; तेथे देणेच सरते. ‘राइट ऑफ’मध्ये बँक वसुलीची आशा क्षीण झालेले कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते, इतकेच. ऋणकोचे देणे कायम राहते, वसुलीचे दावे चालू राहतात, तारण मोकळे होत नाही, जामीनदाराची सही जागच्या जागी असते आणि पतअहवालावर तसा शेराही उमटतो. मित्राच्या शब्दाखातर जामीन राहिलेल्या गृहस्थाने दोन अक्षरांच्या ‘ऑफ’वर विसंबून आलेली नोटीस बाजूला ठेवली, तर त्याची किंमत राहत्या घराने मोजावी लागू शकते.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली ती वर्ध्यातच. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा ठराव तेथे झाला. त्याचा अर्थ परभाषेचे दार बंद करावे असा नाही. समजून घेण्याची पायरी आपल्या भाषेची असावी, असा आहे. इंग्रजी जोड्यांची यादी पाठ करणारा मुलगा परीक्षेनंतर ती विसरतो. पेढीवर आलेल्या पत्रातील एकेक जोडी, तिचा पूर्ण वाक्यासह मराठी अर्थ आणि त्या व्यवहाराचे पुढे काय झाले, एवढे तीन रकाने वहीत भरणारा मुलगा ती आयुष्यभर विसरत नाही.

सही करण्यापूर्वी रकमेतील शून्ये मोजण्याची सवय व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. क्रियापदामागचा छोटा शब्दही तितक्याच सावधपणे वाचला जावा.