होड्या वर, गाड्या खाली

जून उजाडला की कोकणच्या किनाऱ्यावर एक उफराटा व्यवहार सुरू होतो. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला, ते होड्या पुळणीच्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात. आणि ज्यांनी समुद्र वर्षातून दोन दिवस पाहिला, ते त्याच वाळूत चारचाकी उतरवतात. भरती चढते, चाके रुततात, गावातलाच कोणी ट्रॅक्टर घेऊन धावतो आणि त्याची चित्रफीत रात्रीपर्यंत राज्यभर फिरते. लोक हसतात. पण हा विनोद आता दर हंगामात होतो, आणि कधी कधी रुतते ती नुसती गाडी नसते.

कोकण बारा महिने पाहावे, हा जाहिरातींचा पाढा आता सर्वांना पाठ झाला आहे. पावसाळ्यात धबधबे, थंडीत डॉल्फिन, फाल्गुनात कासवे, वैशाखात हापूस. किनाऱ्याचे स्वतःचेही एक पंचांग होते, हे मात्र त्यात बसत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेल्या दर्याचाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून होडी पाण्यात लोटायची नाही. चाकरमानी यायचा तो गणपतीला, शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. आणि तो घरचाच असल्याने विहिरीचे पाणी किती खाली गेले आहे हे त्याला सांगावे लागत नसे. पर्यटनाने पैसा आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर कित्येक घरांतली पोरे मुंबईची गाडी न पकडता गावात राहिली. आमची तक्रार पाहुण्यांबद्दल नाही. पाहुणे किती येणार आणि गाव किती जणांना पुरणार, हा हिशेब कोणीच मांडत नाही, याबद्दल आहे.

आधी जिवाचे बोलू. किनाऱ्यावरचा जुना माणूस घड्याळ न पाहता भरतीची वेळ सांगतो. तिथीची पाऊणपट करायची : अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. याच हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास येते. ही सर्वांत मोठी भरती, तिलाच उधाण म्हणतात. आणि एवढे चढलेले पाणी दुपारनंतर तेवढ्याच जोराने माघारी फिरते. शहरातला पाहुणा नेमका त्याच वेळी, जेवण उरकून, पाण्यात उतरतो. तो तिथी पाहून आलेला नसतो, शनिवार-रविवार पाहून आलेला असतो. बरे, धोका फक्त पावसाळ्यात असतो असेही नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा आभाळ निरभ्र होते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हा पावसाला अवकाश होता. अशी घटना घडली की आठवडाभर बंदीची भाषा होते, एक फलक उभा राहतो आणि खाऱ्या वाऱ्याने तो पुढच्या वर्षी गंजून जातो.

बुडालेल्यांची निदान बातमी होते. विहीर आटते तेव्हा तीही होत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत चैत्र लागला की वाड्यावाड्यांतून हंडे रांगेत उभे राहतात. जांभ्या दगडातून आणि सह्याद्रीच्या उतारावरून पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. थांबते ते थोडेच. त्या थोड्यावर आता न्याहरी-निवासाच्या खोल्या, पांढऱ्याशुभ्र चादरींची रोजची धुणी आणि हल्ली तर पोहण्याचे तलावही जगतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर समुद्र सोडून तलावात डुंबण्याची हौस कोणाला असावी, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही. किनाऱ्यालगत कूपनलिका खणून गोडे पाणी उपसत राहिले की त्याची जागा खारे पाणी घेते. एकदा विहीर मचूळ झाली की माड तग धरतो, पण पोफळीची बाग आणि माणूस धरत नाहीत. त्याच वाळूत, त्याच विहिरीच्या आसपास, शोषखड्डेही आहेत. कचऱ्याचा भार ज्या ग्रामपंचायतीवर पडतो, तिचे उत्पन्न बेतलेले असते गावाच्या लोकवस्तीवर. दिवाळीच्या सुट्टीत वाळूवर उतरणाऱ्या गर्दीवर नव्हे.

वेळासने वेगळा रस्ता दाखवला होता. कासवाची अंडी चोरीला जाण्याऐवजी राखली गेली, पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, ते गावकऱ्यांच्याच घरी उतरले. पण हे पिल्लू उजेडाकडे धावते. निसर्गात रात्रीचा तो उजेड समुद्राचा असतो. वाळूच्या कडेला दिव्यांच्या माळा लागल्या की दिशा चुकते. आणि दिवे पुढेच सरकणार आहेत. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या करून गेले. त्यानंतर वर्षही पुरते उलटले नव्हते तोच मे महिन्यात तौक्ते आले.

यावर उपाय अवघड नाहीत, फक्त गैरसोयीचे आहेत. नव्या खोलीला परवानगी देण्यापूर्वी मे महिन्यातली विहीर मोजा, ऑगस्टमधली नव्हे. गर्दीच्या प्रत्येक पुळणीवर बारा महिने पगारी जीवरक्षक ठेवा, आणि ते गावातल्या कोळ्यांमधूनच निवडा. खोलीच्या पावतीवर भरती-ओहोटीची वेळ छापणे सक्तीचे करा. वाळूत वाहन दिसले की दंड ग्रामपंचायतीच्या तिजोरीत जाऊ द्या. आणि जून-जुलै हे दोन महिने माशांना मिळतात तसे पुळणीलाही द्या. व्यावसायिक ओरडतील, आणि काहींचे कर्ज पाहता त्यांचे ओरडणे खोटेही नसेल. पण पाणी संपलेल्या गावात खोल्या कोणाला देणार, हेही त्यांनीच सांगावे.

येत्या वैशाखात कुठल्याही किनारी गावाच्या अरुंद वळणावर जाऊन उभे राहा. वरून पर्यटकांची बस उतरत असेल, खालून रिकामा टँकर पुन्हा भरून आणायला चढत असेल. दोघांपैकी एकालाच पुढे जाता येते, आणि सध्या मागे सरकतो तो टँकर.