टायमिंग बेल्टची माहिती खुली करा

माननीय सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली



डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट घरच्या अंगणात बदलता येतो. मी बदलतो. हायवेवरच्या लहान गॅरेजातले मिस्त्री तर वर्षानुवर्षं बदलत आले आहेत. पण हे काम बिनचूक करायला जी चार पानांची माहिती लागते, ती गाडीच्या मालकाच्या हाती कुणी देत नाही. ती मिळवून देणं आपल्या विभागाला शक्य आहे, म्हणून हे पत्र.

क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदाच फिरला पाहिजे, हा हिशेब तो दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. अनेक इंजिनांत डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही त्याच्यावरच चालतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की हेडखाली जागा जवळजवळ उरतच नाही. बेल्ट तुटला की उघडे राहिलेले वाल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतात आणि वाकतात. मग हेड उतरवायचं, आणि त्याचा खर्च बेल्टच्या किटच्या कितीतरी पट. तुटण्याआधी बेल्ट आवाज करेलच असं नाही. म्हणून ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेली वर्षं, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा तो बदलायचा. कमी चालणाऱ्या गाडीचे मालक नेमके इथे फसतात. मीटरवर आकडा छोटा दिसतो, आणि रबराचं वय मात्र वाढतच असतं.

इंडिकाचं १.४ लिटर डिझेल, इनोव्हाचं अडीच लिटर, डस्टर, टेरानो आणि व्हेरिटोमधलं दीड लिटर, फोर्डचं दीड लिटर टीडीसीआय, फोक्सवॅगनची बहुतेक टीडीआय ही सगळी बेल्टची इंजिनं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे उत्सर्जन मानक आलं तेव्हा रेनो आणि फोक्सवॅगनने इथे डिझेल गाड्या बंद केल्या. २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतरही फेरनोंदणी करून त्या चालवता येतात. म्हणजे यांतल्या कित्येकींना अजून एक तरी बेल्ट लागणार आहे, आणि तेव्हा तालुक्याच्या गावी कंपनीचं वर्कशॉप असेलच याची खात्री नाही.

या कामाला ताकदीपेक्षा शिस्त लागते. इंजिन आडवं बसवलेल्या गाडीचं सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, पुढचं चाक उतरवायचं, गाडी नुसत्या जॅकवर न सोडता भक्कम स्टँडवर ठेवायची. इंजिनला खालून फळीचा आधार दिल्याशिवाय माउंटिंगला हात लावायचा नाही. मग क्रँक आणि कॅम टायमिंगला आणून दोघांना पिना घालायच्या. पिन फक्त जागा दाखवते. तिच्या भरवशावर क्रँकचा बोल्ट सोडायला गेलात तर पिन वाकते, कधी तुटतेही. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवरचा वॉटर पंपही नवाच घालावा, कारण जुनं बेअरिंग जॅम झालं तर नवा बेल्टही जातो. ताण टेन्शनरच्या काट्यावर जुळवायचा, पिना काढायच्या आणि सेल्फ न मारता पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, तोही इंजिनच्याच दिशेने. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर पिना अलगद पुन्हा बसल्या की जे समाधान मिळतं, ते पैसे मोजून मिळत नाही.

पण पिनेची जागा कुठे, तिचं माप काय, काटा कोणत्या खुणेवर हवा, कोणता बोल्ट किती न्यूटन-मीटर आवळून पुढे किती अंश फिरवायचा, कोणता बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचा नाही, हे अंदाजाने करता येत नाही. मालकाच्या पुस्तिकेत ते नसतं. वर्कशॉपमध्ये विचारलं तर उत्तर येतं, ‘गाडी आणून सोडा, बाकी आम्ही बघतो.’ मग मिस्त्री जुन्या बेल्टवर आणि पुलीवर व्हाइटनरच्या खुणा मारतो आणि त्यावरून नवा बेल्ट चढवतो. कसबी हाताला हे साधतं, मी पाहिलं आहे. पण जुना बेल्ट आधीच एक दात सरकलेला असेल, तर तीच चूक नव्या बेल्टवर जशीच्या तशी उतरते. दोष त्या मिस्त्रीचा नाही. ज्यांच्याकडे आकडे आहेत त्यांनी ते दडवून ठेवले आहेत.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळाली पाहिजेत, असंही बजावलं. त्यावर अपिलं झाली, वर्षं गेली. आपल्या विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात मोटारींनाही जागा दिली, याचा मला मनापासून आनंद झाला. युरोपीय महासंघात २००७ च्या नियमापासून कंपन्यांना स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती द्यावीच लागते. तिथला छोटा गॅरेजवाला फी भरून ती उघडतो. तेच इंजिन सांगलीत असलं, तर तिथल्या मिस्त्रीला ती का मिळू नये?

त्या पोर्टलवर बेल्टच्या प्रत्येक इंजिनाचं हे माहितीपत्रक कंपन्यांना टाकायला लावा, मराठीसह सर्व भारतीय भाषांत, आणि ज्या गाड्या बंद झाल्या त्यांचं सगळ्यात आधी. अधिकृत किट विकणाऱ्याने पिनाही विकायला ठेवाव्यात. बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर बॉनेटखाली स्टिकरवर लिहिणं प्रत्येक वर्कशॉपला बंधनकारक करा. जुनी गाडी घेणाऱ्याला आज विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. मराठी पत्रकं तयार झाली तर ती ओळ न् ओळ तपासून द्यायला मी विनामोबदला तयार आहे.

आपला,
एक डिझेल गाडीचा मालक
मिरज